हळदीच्या कुकरमधला निळा

पॉलिस्टरला नावं ठेवणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. लग्नकार्यात कुणी माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून ‘सुती नाही वाटतं?’ असं विचारलं की माझं डोकं फिरतं. मी नोकरीच पॉलिस्टरची करते. एका मोठ्या शहरातल्या सूतकारखान्याच्या प्रयोगशाळेत धागा ओढायचा, ताणायचा, रंगवायचा आणि शेवटी तोडून बघायचा, हे माझं काम. आणि ज्या गावात मी वाढले तिथं, आखाडा बाळापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावर, अख्खं गाव पॉलिस्टरवर निभावून नेतं. शाळेचे गणवेश, शेतात जाताना नेसायच्या साड्या, मोंढ्याच्या बाजारात जाणाऱ्यांचे पांढरे शर्ट, सगळं तेच. धुतलं की लगेच वाळतं, इस्त्री मागत नाही, बाभळीला अडकलं तरी सहजासहजी फाटत नाही. ज्यांच्याकडे वेळ आणि कपाट दोन्ही आहे त्यांनी सुताचं कौतुक करावं, माझी हरकत नाही.

पण एक खोड पॉलिस्टरला आहे, आणि ती मी कुणापासून लपवत नाही. ते रंग घ्यायला तयार नसतं. सणाच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या डेपोतून सुटलेली एसटी आठवा. माणसं एकमेकांना इतकी चिकटून उभी असतात की गचका बसला तरी कुणी पडत नाही. धाग्याची मजबुती अशीच असते, आतले रेणू एका दिशेनं, खेटून उभे. पण त्याच गर्दीत कंडक्टरला पुढं सरकता येत नाही. रंगाची तीच गत होते. तो दारात लटकून राहतो आणि पहिल्या धुण्यालाच उतरून जातो. त्याला आत घालायचं तर दाबाखाली पाणी उकळीच्याही वर तापवावं लागतं, आणि त्याला अवजड यंत्रं लागतात. नाहीतर गर्दी थोडी विरळ करायची, म्हणजे धागा बनवतानाच त्यात एखादा वेगळा रेणू असा मिसळायचा की मधे मधे फटी राहतील. मग साध्या उकळत्या पाण्यातसुद्धा रंग आत शिरतो. फक्त गर्दी विरळ झाली की गचक्याला माणसं पडायला लागतात. आमच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं हाच घोळ चालला होता. जो धागा रंग घ्यायचा तो तुटायचा, आणि जो तुटत नव्हता तो रंगाला दारात उभं करत नव्हता.

हे सगळं मी सुट्टीला गेले की घरी सांगायचे. दादा, माझा मोठा भाऊ, हळद करतो. तो जेवता जेवता हं हं करायचा आणि मधेच हळदीच्या भावावर घसरायचा. खरं ऐकायची ती वहिनी. तिचं एक शिलाई मशीन आहे, गावातल्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडेच येतात, त्यामुळे कापडाची गोष्ट निघाली की तिचे कान टवकारतात. आणि त्यांची मुलगी, माझी भाची, ती तर ऐकत बसायच्या वयाचीच नव्हती. ती शाळेत कबड्डी खेळायची. अंगणातून आत येताना सुद्धा चढाईला निघाल्यासारखी वाकून यायची.

मागच्या वर्षी बाळापूरच्या मैदानावर सामने होते. मुलींच्या संघाला जर्सी नव्हत्या, प्रत्येकीनं भावाचा किंवा बापाचा मिळेल तो टी-शर्ट घातला होता. भाचीचा जुना सुती होता, घामानं ओला झालेला. चढाईत समोरच्या मुलीच्या बोटांत तो अडकला आणि खांद्यापासून खाली फरफर फाटत गेला. मैदानाभोवती माणसं होती, मोबाईल होते, कुणीतरी शिट्टीही मारली. भाची दोन्ही हात छातीशी आवळून मधल्या रेषेजवळ तशीच उभी राहिली, शाळेतल्या बाईंनी आपली ओढणी टाकेपर्यंत. दादा तिथंच होता. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगून टाकलं की शाळा चालू, कबड्डी बंद. तो आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याचं बोलणं जास्त पक्कं असतं. दादानं मुलीला काढलं म्हटल्यावर आणखी दोघी-तिघींच्या घरच्यांनीही तेच केलं, आणि संघच मोडला.

मला हे वहिनीनं फोनवर सांगितलं. रडत नव्हती, चिडलेली होती. तिनं आपल्या परीनं सगळं करून पाहिलं होतं. पांढरं पॉलिस्टर मजबूत, पण घामानं भिजलं की अंगाला चिकटतं आणि आतलं दिसतं, ते मुली घालणार नाहीत. दुकानातली रंगीत जर्सी जाळीदार, विरळ, नखाला अडकली तरी उसवते. मग तिनं पांढरं पॉलिस्टर आणून बाजारातल्या पुडीनं घरीच रंगवून पाहिलं, तर भाचीनं अंगणात दोन उड्या मारल्या आणि तिचा गळा नि काखा जांभळ्या झाल्या.

“ताई, तुमी एवढ्या शिकल्या,” वहिनी म्हणाली, “तर असं कापड काहून न्हाई करत, की जे फाटतबी न्हाई अन् रंगबी सोडत न्हाई?”

मला राग आला. एवढी वर्षं मी दुसरं काय करत होते? पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की प्रयोगशाळेत हा प्रश्न मला इतका सरळ कुणीच विचारला नव्हता. तिथं आम्ही ताकद आकड्यांत मोजायचो आणि रंग काचेच्या नळीत. ज्या अंगावर ते कापड जाणार, ते कधी समोर आलं नव्हतं.

त्याच सुमारास आमचा एक नवा धागा हाती लागत होता. वेगळा रेणू अगदी चिमूटभर मिसळायचा आणि मग धागा गरम असताना घाई न करता, टप्प्याटप्प्यानं ताणायचा, म्हणजे फटीही राहतात आणि रांगही मोडत नाही. यंत्रावर तो बऱ्यापैकी टिकला होता. मी साहेबांना सांगितलं की याची खरी परीक्षा घ्यायची तर मला थोडं विणलेलं कापड गावी न्यायचंय, कबड्डीच्या मुलींना घालायला. साहेब आधी हसले, मग वापरचाचणी म्हणून मंजुरी दिली. पांढऱ्या कापडाचा गठ्ठा आणि गडद निळ्या रंगाची बरणी घेऊन मी ऑक्टोबरात गावी आले.

दादाला आधी सगळं समजावून सांगितलं. त्यानं कापड हातात घेतलं, उजेडाला धरलं, दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिलं.

“मला पोरीच्या खेळाचं वावडं न्हाई,” तो म्हणाला. “पण ती परत तशी उभी राह्यलेली मला पाहायची न्हाई. हे फाटणार न्हाई, असं तू लिहून देतीस?”

“लिहून न्हाई देत, शिवून देते,” मी म्हणाले. त्यानं कापड परत माझ्या हातात दिलं, पण नाही म्हणाला नाही. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

आता अडचण भांड्याची. कापड मोकळेपणानं उकळायचं तर घरातलं पातेलं पुरेना. देवळाची भंडाऱ्याची कढई मागितली, तर तिच्यात रंग उकळल्यावर लोक वरण कसे खातील, असं विचारलं गेलं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी वहिनीची नजर दादाच्या हळद शिजवायच्या कुकरवर गेली. आमच्याकडे घरोघर नसला तरी गावात दोन-चार जणांकडे असतो. एका टाकीखाली जाळ करायचा, तिची वाफ नळीनं मोठ्या ड्रममध्ये सोडायची आणि ड्रममधली हळद शिजवायची. हळदीचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्यामुळे ऑक्टोबरात कुकर पत्र्याखाली रिकामा पडलेला. दादानं दिला, पण माझी हळद निळी करू नका असं बजावलं. वहिनीनं आणि मी ड्रम माती लावून घासला, गरम पाण्यानं विसळला. मी पांढरा रुमाल ओला करून आतून फिरवून पाहिला, तो पांढराच निघाला.

सकाळी जाळ केला. ड्रममध्ये पाणी, रंग आणि थोडं लिंबूसत टाकलं, कापड सोडलं, वाफ चालू केली. भाची काठीनं कापड वरखाली करत होती. वर्षभर ती घरात बेतास बात बोलत असे, पण त्या दिवशी तिचं तोंड बंद होत नव्हतं. पाण्याचा रंग हळूहळू फिका होत गेला. याचा अर्थ रंग पाण्यातून निघून धाग्यात चालला होता, तोही साध्या उकळीला, आणि मी लहान पोरीसारखी ड्रमभोवती फिरत होते. मग आम्ही कापड बाहेर काढलं.

ते हिरवं होतं. डाग पडलेलं नाही, कुठं निळं कुठं पिवळं असंही नाही, तर या काठापासून त्या काठापर्यंत सारखं, पिकाच्या पानासारखं हिरवं. ड्रमच्या सांध्यांत, नळीच्या वाकात वर्षानुवर्षांची हळद बसलेली होती. रुमालाला ती लागली नाही, पण वाफेनं सुटी झाली आणि निळ्याच्या जोडीनं कापडात जाऊन बसली. हळदीचा पिवळा पाण्यापेक्षा पॉलिस्टरमध्ये जास्त रमतो, हे मला माहीत होतं. पण इतक्या सहज, एवढ्याशा हळदीतून? म्हणजे धाग्याची दारं खरोखर उघडी होती. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की टाळ्या हवेतच थांबल्या. ओलं कापड मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली होती. गावात आधीच तिला नावं ठेवणारे होते, पोरगी उघडी पडली तरी हिची हौस फिटली नाही म्हणणारे. शाळेत बाईंना तिनं निळ्या जर्सी कबूल केल्या होत्या, बाकीच्या मुलींच्या आयांना घरोघर जाऊन पटवलं होतं. एवढ्यात दादा आला. त्यानं हिरवं कापड पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. लग्नाआधीच जर्सीला हळद लागली, असं तो म्हणाला.

“पोरीच्या हळदीची बात इतक्यात काढू नका,” वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तिला आधी खेळू द्या.”

दादाचं हसू विरलं. त्यानं टाकीखालची जळती लाकडं बाहेर ओढून त्यांच्यावर पाणी मारलं. त्या दोघांत याआधी कधी हा विषय इतका उघड निघाला नसावा. भाची काठी धरून उभी होती आणि मला पहिल्यांदा कळलं की कबड्डी बंद झाल्यावर तिच्यापुढं लग्नाचा विषय किती लवकर येऊ शकत होता. माझा आनंद मला लाजिरवाणा वाटला नाही, पण तो मी बाजूला ठेवला.

पुढचा इलाज वहिनीच्या आणि माझ्या तोंडून जवळजवळ एकदमच आला. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, उलट लाल होतो, पण उन्हात उडून जातो, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मला त्यामागचं रसायन माहीत होतं एवढंच. पिवळा उडाला की खाली निळा उरायला हवा. भीती एकच होती, उन्हानं निळाही नेला तर? या धाग्यावरचा निळा उन्हात किती तग धरतो, ते आम्ही प्रयोगशाळेत दिव्याखाली पाहिलं होतं, ऑक्टोबरच्या मराठवाड्याच्या उन्हात नाही.

हळद वाळवायची आमची मोठी जागा आहे, शेणानं सारवलेली. तिथं जुनी धोतरं अंथरून त्यांच्यावर कापड पसरलं. एका कोपऱ्यात कापडाची पट्टी ठेवून तिच्या अर्ध्या भागावर मी फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे उघडं आणि झाकलं यांतला फरक कळावा. कापड उलटायचं काम भाचीनं आपणहून घेतलं. ती या टोकाला श्वास भरायची आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, वाकून कापड पालटत, दम न तोडता त्या टोकापर्यंत जायची. दादा गोठ्याच्या दारातून ते बघत असायचा. रोज संध्याकाळी आम्ही फरशी उचलायचो. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं की काहीच फरक नाही, वहिनीला वाटलं आहे. नंतर वाद राहिला नाही. झाकलेला भाग हिरवाच होता, आणि उघडा भाग दिवसेंदिवस निळा होत चालला होता, चांगला गडद, ओला केला तरी आरपार न दिसणारा. शेवटी फरशीखालची तेवढी हिरवी पट्टी मी कापून पिशवीत घातली. ती अजून माझ्या टेबलावर आहे, साहेबांना दाखवून झाली तरी फेकवत नाही.

वहिनी मशीनवर बसली. पहिली जर्सी झाल्यावर दादानं ती हातात घेतली आणि तिला दुसरं टोक धरायला सांगितलं. अंगणात नवरा-बायकोची रस्सीखेच सुरू झाली. आधी दोघंही लाजत ओढत होते, मग इरेला पेटले. वहिनी पायरीला पाय लावून मागं कलली, दादानं दात आवळले, भाची शिट्टी वाजवायला लागली, आणि शेजारच्या बायका कुंपणावरून माना वर करून बघायला लागल्या. टर्र असा आवाज झाला. कापड शाबूत होतं, काखेतली शिवण उसवली होती. वहिनीनं नीट निरखून पाहिलं आणि ती म्हणाली की आता ही चूक माझी, तुमच्या धाग्याची नाही. मग तिनं सगळ्या जर्सींच्या खांद्याला आणि काखेला आतून पट्टी लावून दुहेरी शिवण घातली. पुन्हा ओढाओढ झाली तेव्हा वहिनीच घसरून बसली, जर्सी नाही. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तरी दादा हो म्हणाला नव्हता. अंगणातलं ओढणं आणि मैदानातलं ओढणं यांत फरक असतो असं त्याचं म्हणणं, आणि ते मला खोडता येईना, कारण प्रयोगशाळेच्या यंत्राबद्दल मी स्वतःच तसं म्हणत आले होते. त्यानं एवढंच कबूल केलं की हा एक सामना खेळू दे. पुढचं पुढं बघू.

सामना कळमनुरीला होता. मी सुट्टी वाढवून घेतली. वहिनी आणि मी बाकीच्या आयांबरोबर बसलो, दादा मोटारसायकल लावून चुन्याच्या आखलेल्या रेषेजवळ एकटाच उभा राहिला. त्या टळटळीत उन्हात त्याच्या खांद्यावर वहिनीची थंडीतली शाल होती. ती कशाला आणली, असं मी विचारलं, तर असू दे म्हणाला आणि नजर मैदानाकडे वळवली. मुली उतरल्या. एकसारख्या गडद निळ्या सात जणी. वहिनी त्यांच्या तोंडांकडे बघतच नव्हती, तिची नजर काखेच्या शिवणीवरून हलत नव्हती.

पहिला डाव आमच्या मुली दबूनच खेळल्या. वर्षभरात सवय मोडलेली, शिवाय धाक. भाची चढाईला जायची आणि रेषेच्या आसपास फिरून परत यायची. कुणाच्या हाताच्या टप्प्यात म्हणून जायची नाही. दुसऱ्या डावात मात्र तिचं काहीतरी बिनसलं, की जमलं, कोण जाणे. ती थेट कोपऱ्यात घुसली, एकीला शिवली आणि वळली. समोरच्या संघातली एक उंच मुलगी तिच्या कमरेवर झेपावली. पकड सुटली, पण बोटं जर्सीत अडकली. कपडा धरणं नियमात बसत नाही, पण त्या घाईत कुणाच्या बोटांना नियम आठवतो? निळं कापड पाठीवरून ताणलं गेलं, इतकं लांब की मला माझं यंत्र दिसायला लागलं, तो शेवटचा क्षण जेव्हा धागा एकतर तग धरतो किंवा जातो. वहिनीनं माझं मनगट आवळलं होतं. मी तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक शिव्याच.

कापड फाटलं नाही. भाची गुडघ्यांवर पडली, त्या मुलीला मागं ओढत ओढत पुढं सरकली आणि तिनं मधल्या रेषेवर हात टेकवला. शिट्टी झाली. पंचांनी आमच्या बाजूला हात केला. तेव्हा कुठं मला दिसलं की दादा मैदानात आहे. तो रेषा ओलांडून धावत आत गेला होता आणि शाल दोन्ही हातांनी उघडून तिच्यासमोर उभा होता. जर्सी फाटलीच तर तिला पांघरायला म्हणूनच त्यानं ती आणली होती.

भाची उठली. तिनं एक हात मागं नेऊन पाठ चाचपली, मग खांदा, मग काख. सगळं जागच्या जागी होतं. तिनं हात खाली सोडले आणि बापाकडे पाहिलं.

“बाबा, तुमी बाहेर व्हा,” ती म्हणाली. “मला खेळू द्या.”

दादानं शालीची घडी घातली आणि तो बाहेर आला.